पेस्ट पाहुण्यांसाठी

रायपूरला कोणी हवापालटाला जात नाही. मीही त्यासाठी गेले नव्हते. जन्म गेला साताऱ्यात पोरांचे दात बघण्यात, त्यात निम्मा वेळ कुजलेल्या दाढा उपटण्यात. दवाखाना भाचीच्या हवाली केला आणि घरी बसून भिंती मोजायला लागले, तेव्हा एका संस्थेचं बोलावणं आलं. सरकारी शाळांतून हिंडायचं, पोरांच्या दातांवर फ्लोराइडचा लेप लावायचा, ब्रश कसा करायचा ते शिकवायचं. म्हणजे कीड लागायच्या आधी तिथं पोचायचं. मी आयुष्यभर उशिरा पोचलेली बाई. म्हटलं, एकदा तरी वेळेवर जाऊन बघू.

दुसरं कारण नंदा. नंदा माझी मावसबहीण, यवतमाळची. रेल्वेतल्या नवऱ्यामागे रायपूरला गेली ती तिथलीच झाली. नवरा गेला, आता मुलाबरोबर शंकर नगरला राहते. स्टेशनावर मला बघितल्याबरोबर तिनं सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं विचारलं, "काय वं शुभे, किती वाळली तू! साताऱ्याचे लोक तुले जेवू घालत नाही का?"

तिचा मुलगा हसून म्हणाला, "मौसी, बैग इधर दो." त्याला मराठी सगळं कळतं. बोलायची वेळ आली की हिंदी. नंदाला याचं आता काही वाटत नाही. मला वाटलं, पण पाहुणीनं पहिल्याच दिवशी तोंड उघडू नये म्हणून गप्प बसले. माझ्या स्वभावाला हे जड जातं.

शंकर नगर, सकाळ

जानेवारीतली थंडी होती. रायपूरला थंडी पडते हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी एका पातळ शालीवर आले होते. नंदानं तांदळाच्या पिठाचे चीले घातले होते, आपल्या घावनाच्या जवळचे, आणि सोबत कच्च्या टोमॅटोची झणझणीत चटणी. शेजारी वाटीत झुणकाही होता. "हे इथलं, आन हे आपलं," नंदा म्हणाली. मी दोन्हीवर हात मारला.

खाता खाता मागच्या अंगणात लक्ष गेलं. घरकामाची बाई उन्हाला उकिडवी बसून बोटानं दात घासत होती. तोंडात काळपट लगदा, बाजूला पत्र्याची छोटी डबी. वास आला आणि मी ओळखला. आमच्याकडे तव्यावर तंबाखू जाळून मिसरी करतात, तिचाच हा भाऊबंद.

"गुड़ाखू हाय तो," नंदा म्हणाली. "तमाखू आन गूळ. इथं बाया चहाच्याही आधी हेच घासतात. नाही घासलं तं डोकं दुखते म्हणतात."

नाक मुरडायचा मला अधिकार नव्हता. माझ्या सासूबाई मिसरी लावल्याशिवाय देवपूजेला बसत नसत.

बाईचं नाव सुकवारो. तिच्या पाठीला टेकून एक सहा वर्षांची पोरगी बसली होती, मोंगरा. कपातल्या गोडमिट्ट चहात बिस्कीट बुडवून चोखत होती. एकाच बाजूनं चोखत होती, ते माझ्या लगेच लक्षात आलं. धंद्यातली नजर जात नाही.

"हिची दाढ दुखून राहिली म्हणते," नंदा म्हणाली. "पाह्य ना जरा."

मी मोंगराला उजेडात घेतलं. पुढच्या दातांचे तपकिरी ठोंब उरले होते. खालची मागची दाढ पोखरून नुसती कड राहिली होती आणि तिच्याखाली हिरडीवर पुवाची पुळी. पोरगी एकदाही रडली नाही. तोंड तिनं इतकं मोठं उघडलं की मलाच कसंतरी झालं.

"ही दाढ काढायला हवी," मी म्हटलं. "आजच्या आज. सरकारी दवाखान्यात घेऊन जा."

सुकवारो हसली. "दूध के दांत हे दीदी, गिर जही."

आणि नंदा, माझी स्वतःची बहीण, शिकली-सवरलेली, म्हणाली, "हो ना वं. पडनारच हाय तो दात. मंग काढतं कायले?"

डोक्यात तिडीकच गेली. हे वाक्य मी साताऱ्यात रोज ऐकलंय, वकिलांकडून, मास्तरांकडून, एका मामलेदाराकडून सुद्धा. म्हणे दुधाचे दात पडणारच! अगं, दात पडेल, पण त्याच्या मुळाशी साचलेला पू काय दातासोबत पडणार आहे? तो हाडात उतरतो, जिभेखाली शिरतो, गळ्यात जातो. मी हे सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. सुकवारो ऐकून घेत होती. शेवटी खाली बघत म्हणाली, "दाढ़ निकाले ले आँखी कमजोर हो जथे, दीदी."

दाढ काढली की डोळे जातात. हा शोध आमच्याकडेही लागलेला आहे. मी कपाळावर हात मारला. माझ्याजवळ ना भुलीची सुई, ना चिमटा. शिबिराचं सामान म्हणजे लेपाच्या ट्यूबा आणि कापसाचे बोळे. नाहीतर तिथंच ओट्यावर बसवून काढली असती.

"छेरछेराच्या दिवशी सुट्टी दे हिला," मी नंदाला सांगितलं. "त्या दिवशी ही पोरीला घेऊन जाईल." छेरछेरा हा तिकडचा पौष पौर्णिमेचा सण, दोन दिवसांवर आला होता. सुकवारोनं "हव" म्हटलं. हव म्हणजे हो. तिकडची माणसं इतक्या गोड आवाजात हव म्हणतात की आपल्याला वाटतं, काम झालंच.

पुरानी बस्तीतली शाळा

पुरानी बस्ती म्हणजे जुनं रायपूर. एका बोळातून दुसऱ्या बोळात शिरावं तर मध्येच देऊळ, देवळाला लागून घर, घराला लागून शाळा. शिबिराचे प्रमुख डॉ. देवांगन, तरुण, उत्साही, बोलायला गोड. त्यांच्याकडे प्लास्टिकचा एवढा मोठा जबडा होता. पोरं त्या जबड्यालाच आधी घाबरली.

"दिन में कितनी बार?" ते विचारायचे.

"दो बार!" सगळा वर्ग ओरडायचा.

"और जहाँ दर्द है, वहाँ क्या करेंगे? छोड़ देंगे?"

"नहींऽऽ!"

"वहाँ और अच्छे से घिसेंगे."

सगळ्यांत मोठा आवाज मोंगराचा. ती त्याच शाळेत पहिलीत होती. मला ओळखून पुढं येऊन बसली. देवांगन डॉक्टरांनी तिला पुढं बोलावून जबड्यावर ब्रश फिरवून दाखवायला लावलं आणि तिनं खरोखर सुंदर फिरवला, गोल गोल, आतून, बाहेरून, दुखऱ्या दाढेच्या जागी जरा जास्त वेळ. मी तिच्या फ्रॉकवर चंदेरी चांदणी चिकटवली. ती दिवसभर छातीवर हात धरून हिंडत होती, चांदणी पडू नये म्हणून.

लेप लावायला मी बसले. एकामागून एक पोर तोंड उघडत होतं. काय सांगू? लेप चांगल्या दातावर लावायचा असतो. मी चांगला दात शोधत बसायची. थोरल्या भावाला सोडायला आलेल्या आईच्या कडेवरच्या चार वर्षांच्या एका पोराच्या तोंडात एकही सापडला नाही. त्याची आई म्हणाली, बाटलीत चहा घालून दिला की तो झोपतो. आमच्याकडे बाटलीत साखरपाणी घालतात, एवढाच फरक. नुसता हात चालू ठेवला.

आणि एवढं सगळं झाल्यावर बडी मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, खुशीत आल्या, मुलं शहाण्यासारखी बसली म्हणून. त्यांनी प्रत्येकाच्या हातावर बक्षीस ठेवलं. काय? तर दोन दोन टॉफ्या! लेप अजून ओला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात देवांगन डॉक्टर कानाशी पुटपुटले, "मैडम, रहने दीजिए. अगली बार घुसने नहीं देंगी." मी तोंड मिटलं. जाताना प्रत्येक मुलाला ब्रश आणि पेस्टची ट्यूब मिळाली. मोंगरानं ट्यूब दोन्ही हातांत धरून नेली.

गोल बाज़ार

पुढच्या शाळेला ब्रश कमी पडणार होते, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नंदाला घेऊन गोल बाज़ारात गेले. भांडी, कापड, बांगड्या, हळदीकुंकवाचे ढीग. नंदा प्रत्येक दुकानात भाव करत होती, घ्यायचं नसलं तरी.

एका ठोक दुकानात ब्रश मिळाले. दुकानदाराच्या वरच्या फळीवर पेस्टच्या ट्यूबा, धूळ बसलेल्या. खाली मात्र गुड़ाखूच्या डब्यांची खोकी थप्पीनं लावलेली आणि पोऱ्या ती भराभर उचलून रिक्षात टाकत होता.

"भैया, पेस्ट नहीं बिकता क्या?" मी विचारलं.

"बिकता है न, दीदी. त्योहार में बिकता है. मेहमान आते हैं तो लोग ले जाते हैं." त्यानं खालच्या खोक्यांवर थाप मारली. "पेस्ट मेहमान के लिए, घर के लिए ये."

नंदा हसली. मीही हसले. आपल्याकडे नाही का, चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी वर ठेवतो आणि आपण कान तुटलेल्या कपातून चहा पितो, तसंच. मला ती गोष्ट घरी जाऊन सांगण्याजोगी मजेशीर वाटली. एवढंच वाटलं.

छेरछेरा

छेरछेराच्या सकाळी पोरांच्या टोळ्या दारोदार ओरडत आल्या. नवं धान घरात आलेलं असतं, ते मागायचा हा सण, आणि या दिवशी कोणाला नाही म्हणायचं नाही. नंदानं दाराशी तांदळाचं सूप भरून ठेवलं होतं. प्रत्येकाच्या पिशवीत ओंजळ ओंजळ घालत होती. आसपासच्या बंगल्यांतून मात्र तांदळाऐवजी चॉकलेटं पडत होती. पोरांना तीच हवी होती.

दुपारी मी विचारलं, "सुकवारो गेली असेल ना दवाखान्यात?"

नंदानं सूप खाली ठेवलं. "तुले खरंच वाटते का, सणाच्या दिवशी गेली असन म्हणून?"

मी चपला घातल्या. नंदा बडबडत मागोमाग आली. सुकवारोचा पारा, म्हणजे वस्ती, पुरानी बस्तीच्या मागच्या अंगाला, तळ्याच्या काठाशी आहे. शेणानं सारवलेलं स्वच्छ अंगण, दाराशी तांदळाच्या पिठाची रेघ. आणि उंबऱ्यावर मोंगरा, फ्रॉकवर चांदणी, हातात शिबिराचा नवा ब्रश. गोल गोल, आतून, बाहेरून. मला बघून तिचा चेहरा फुलला. ती आणखी मन लावून घासायला लागली.

ब्रशवरून काळा ओघळ मनगटापर्यंत आला होता. बाजूला आईची डबी उघडी होती.

"ये का हे?" मी ओरडले. माझी छत्तीसगढ़ी तेवढीच. "पेस्ट कुठाय? पेस्ट कहाँ है?"

सुकवारो पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं आतल्या कोनाड्याकडे बोट दाखवलं. कोनाड्यात देवाची तसबीर, तसबिरीशेजारी पेस्टची ट्यूब, सीलसुद्धा न फोडलेली. "मामा आवत हे न," ती म्हणाली. पोरीचा मामा संध्याकाळी गावाहून येणार होता. त्याच्यासाठी.

मोंगरा थुंकून आली आणि दोन बोटं वर करून म्हणाली, "दू बेर." दिवसातून दोनदा. मग दुखरा गाल दाखवून आईकडे बघितलं. सुकवारो समाधानानं म्हणाली, "अब नइ पिरावय, दीदी." आता दुखत नाही.

कसं दुखेल? पोरगी दिवसातून दोनदा, शिकवल्याप्रमाणे दुखऱ्या जागी जास्त वेळ, तंबाखू चोळत होती. हिरडी बधिर करून टाकली होती तिनं. मी जबड्याखाली बोट लावलं. तिथं कडक गाठ लागली. अंग थोडं कढत होतं.

मी डबी उचलली आणि गटारात भिरकावली. नंदा दचकली, "अवं, काय करून राहिली तू!" मी सुकवारोला नाही नाही ते बोलले. आई आहेस की कोण, असंसुद्धा बोलले. ती उभी राहून ऐकत होती. माझं संपल्यावर हळूच म्हणाली, "रात कन पिराही त?" रात्री दुखेल तेव्हा?

मी म्हटलं, चल, आत्ता दवाखान्यात. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो बाजेवर बसला होता. तो म्हणाला, आज पाहुणे येणार, सणाच्या दिवशी लेकराचं रक्त काढायचं नाही, उद्या सकाळी नेतो. हात जोडून म्हणाला. मी पर्समधलं जंतूंवरचं औषध दिलं, किती वेळा द्यायचं ते सांगितलं, नंदानं पुन्हा सांगितलं. सुकवारो म्हणाली, "हव."

आरंगच्या रस्त्याला

दुसऱ्या दिवशी पहाटेच शिबिराची गाडी आरंगकडच्या गावांत गेली. मुक्काम तिकडेच. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या धानाची खोडं, मध्ये मध्ये तळी, आणि धान खरेदीच्या मैदानांवर पोत्यांचे डोंगर. एका गुरुजींनी फरा खायला घातला, तांदळाच्या पिठाची उकडलेली मुटकुळी, तिळाच्या फोडणीची. इतकी मऊ की दात नसलेलाही खाईल. इतर वेळी हा विनोद मला आवडला असता.

तिथल्या पहिल्या शाळेत मी जबडा बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, "घर में दांत किससे घिसते हो?" पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एकीनं बोट वर केलं, म्हणाली, गुड़ाखू. मग दुसऱ्यानं. मग अर्धा वर्ग. देवांगन डॉक्टरांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. ते इथलेच, त्यांच्या घरात आई गुड़ाखू घासते, त्यांनीच मला सांगितलं. पण पोरं नव्या ब्रशला तेच लावतील हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. घासायचं म्हटलं की घरात जे घासतात तेच पोर लावणार, दुसरं काय लावेल? एवढी साधी गोष्ट, आणि आम्ही एवढा मोठा प्लास्टिकचा जबडा घेऊन हिंडत होतो.

रात्री नंदाला फोन लावत होते. लागत नव्हता.

वॉर्ड

परत आले तर नंदा दारातच उभी. "सुकवारो कामावर आलीच नाही वं," ती म्हणाली. "शेजारची सांगून गेली. पोट्टीले भरती केलं."

सकाळी नेतो म्हणाला होता, ती सकाळ आली तेव्हा मोंगरा खेळत होती. दुखत नव्हतं. मामानं येताना स्वतःची डबी आणली होती, त्यातलंच घरात सगळ्यांनी घासलं, तिनंही. दुखत नाही म्हणून औषधही थांबवलं. त्या रात्री गळा सुजला आणि तिला श्वास घेता येईना. हे सगळं मला सुकवारोच्या नवऱ्यानं वॉर्डाबाहेर उभं राहून सांगितलं. सांगताना तो पुन्हा हात जोडूनच उभा होता. मला त्याच्यावर चिडता आलं नाही. चिडायला खूप होतं, पण त्याच्यावर नाही.

मी डॉक्टर म्हणून मला आत सोडलं. गळ्यात नळी घातली होती, जबड्याखाली चिरा देऊन पू काढला होता. तिथल्या डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं होतं, मी बघितलं. चेहरा सुजून तिचा राहिला नव्हता. डोळे मात्र उघडे होते, तिचेच.

मी वाकले. म्हटलं, "मोंगरा."

तिला बोलता येत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि सलाईन लावलेला हात चादरीवरून जरासा उचलून दोन बोटं वर केली. तिला वाटलं, मी तपासायला आलेय.

मी मान डोलावली. शाब्बास म्हणाले.

बाहेर नंदा बाकावर बसून रडत होती. "काहून वं शुभे," ती परत परत म्हणत होती, "दुधाच्या दातानं असं होते का कधी?" मी तिच्या शेजारी बसले. होतं, हे मी तिला पहिल्या दिवशीच ओरडून सांगितलं होतं. आता पुन्हा सांगवेना.

परत

दुसऱ्या दिवशीचं तिकीट होतं. नंदानं बरोबर चीले बांधून दिले होते, ते तसेच घरी आले.

घरी पोचल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी नंदाचा फोन आला. "गेली वं पोट्टी," एवढंच बोलली आणि ठेवला. मी स्वयंपाकघरात उभी होते. गॅस बंद केला आणि खाली बसले.

संस्थेला मी लांबलचक पत्र लिहिलं. आधी घरात काय घासतात ते विचारा, मग ब्रश द्या. आयांना आधी बसवा, पोरांना नंतर. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही, हे सगळ्यांत आधी शिकवा. देवांगन डॉक्टरांचं उत्तर आलं, करतो म्हणून. ते करतील. ज्यांनी अजून रायपूर बघितलेलं नाही त्यांनी जरूर जावं, चीले खावेत, तळी बघावीत. माझ्याकडून वर्णन मागाल तर ते एवढंच आहे.

महिन्याभरानं नंदाचा पुन्हा फोन. "सुकवारो यायला लागली कामावर. तुले काही इचारायचं म्हणते. देऊ का?"

मला नको म्हणता आलं नाही. सुकवारो हळू, अदबीनं बोलली. "दीदी, ओ ह तो रोज दू बेर घिसत रिहिस. एको दिन नइ भुलाइस. त फेर काबर?"

रोज दोनदा घासायची. एक दिवस विसरली नाही. मग का? अर्थ सांगायला नंदा लागली नाही.

मी विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, हव. मग तिलाच वाटलं असावं की आपण पाहुणीला अडचणीत टाकलं. माझी समजूत घालावी तशी म्हणाली, पुढच्या वेळी याल तेव्हा आमच्या घरी मुक्कामाला या. मामानं काही वापरली नाही, ट्यूब तशीच आहे, फोडलेली नाही.

"तुंहर बर राखे हंव, दीदी," ती म्हणाली. तुमच्यासाठी ठेवलीय.